धाकट्याने आधी बोलायचं

बेंगळुरू,
रविवार, ८ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. खालच्या सिक्युरिटीने फोन करून विचारलं की सर, हाताने लिहिलेलं एक पाकीट आलंय, ठेवून घेऊ का. आमच्या इमारतीत हाताने लिहिलेलं म्हणजे एकतर धमकी, नाहीतर देणगीची विनंती. मीच खाली जाऊन घेऊन आलो. तुला फोनवर ऐकू येईनासं झालं म्हणून आपण हा पत्रांचा उद्योग मांडला, पण आता मला हेच बरं वाटतं. फोनवर तू प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणायचीस. पत्रात भांडतेस तरी.

सोबत एक कात्रण आहे. इथल्या एका इंग्रजी साप्ताहिकाची मुलगी मुलाखतीला आली होती. मिरजेचा मुलगा बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष कसा झाला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कानांमुळे. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिला इथल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागची माझी पहिली खोली सांगितली. टेलिफोनच्या सरकारी कारखान्यात नवा इंजिनिअर, आणि खोलीखाली सायकलदुरुस्तीचं दुकान. तिथे दिवसभर दखनी, तमिळ, कन्नड आणि तेलुगू अशा चार भाषांत भांडणं. पहिलं वर्ष एक शब्द कळला नाही, पण कोण खरं बोलतंय आणि कोण वेळ मारून नेतंय, ते चालीवरून कळायला लागलं. भाषा नंतर आल्या.

पुढे वादिराजने मला उचललं ते त्याच गुणासाठी. त्याची कंपनी तेव्हा जयनगरात भाड्याच्या घरात होती, तीन माणसं आणि एक उसना कॉम्प्युटर. तो प्रोग्रॅम लिहायचा, मी गिऱ्हाइकाचं ऐकायचो. अमेरिकेतला माणूस रागावलाय ते कामावर की बायकोवर, हे मी फोनवरून सांगायचो. त्या भांडवलावर कामकाजाचा प्रमुख झालो, साठीला निवृत्त झालो, मग मंडळावर आलो, आणि आता तीन वर्षं अध्यक्षाच्या खुर्चीत. शिवाय एका पंपवाल्यांच्या आणि एका हॉस्पिटलच्या मंडळावर आहे, तिथे काजू खातो आणि अधूनमधून हे असं का, एवढं विचारतो. त्याचे लोक पैसे देतात, यावर घरी नयनाचा अजून विश्वास बसत नाही.

पण मुलाखतीत सगळ्यांना आवडली ती आईची पद्धत. घरात काही ठरवायचं असलं की धाकट्याने आधी बोलायचं, मग मधल्याने, थोरल्याने शेवटी. म्हणजे थोरल्याच्या दडपणाखाली धाकट्याचं मत दबत नाही. मी अध्यक्ष झालो त्या दिवशी हा नियम मंडळाला लावला. वयाने लहान तो आधी, अध्यक्ष सर्वांत शेवटी. आता दोन-तीन कंपन्यांनी तो उचललाय. आई असती तर म्हणाली असती, यात काय मोठं.

या महिन्याच्या बैठकीत एक अवघड प्रश्न आहे. आनेकलचं आमचं प्रशिक्षण केंद्र तू पाहिलंयस, आवारात कडुनिंब आहे ते. आजूबाजूच्या तालुक्यांतली डिप्लोमावाली मुलं वर्षभर शिकवून आम्ही नोकरीत घेतो. आमचे नवे मुख्य संचालक निहार, हुशार माणूस, ते बंद करावं म्हणतात. नवशिक्यांचं काम आता यंत्रंच करतात, मग नवशिके कशाला, असा मुद्दा आहे. खोटा नाही.

घरचं असं. गेल्या रविवारी ऋचा कोरमंगलाहून जेवायला आली होती, तेव्हा तुझा विषय काढला. तू आता मिरजेत एकटी राहू नयेस. आईच्या पद्धतीने धाकटी आधी. ऋचा म्हणाली, आत्याने इकडेच यावं. नयना हो म्हणाली. मीही. पूर्वेची खोली तुझ्यासाठी रंगवायला काढतोय. तू सर्वांत थोरली, तेव्हा तुझी पाळी शेवटी, पण ठराव एकमताने पास झालाय असं समज.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माया आहे ती आहेच, तिला पत्रांचं पाणी मिळत राहावं.

तुझा,
चंदू


मिरज,
१९ जून २०२५

चि. चंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कात्रण मिळालं. फोटोत पोट आत ओढून धरलंयस ते स्पष्ट दिसतं. शिकवणीच्या मुलींनी पाहिलं. एकीने विचारलं, हे तुमचे वडील का. मी काही सुचवत नाही, फक्त कळवते.

माझं ठीक चाललंय. तेल लावते. सकाळी सहावी-सातवीच्या मुली गणिताला येतात. त्यांचे ओठ बघून मला सगळं कळतं, आणि ज्या पुटपुटतात त्यांना मी फळ्यावर लिहायला लावते. त्यामुळे त्यांचं गणित सुधारतं आणि माझं बहिरेपण झाकलं जातं. तू पाठवलेलं कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये आहे. लावलं की भांडी देवळातल्या घंटेसारखी वाजतात आणि माणसं मात्र तशीच मुकी राहतात. तेव्हा ते दसऱ्याला पूजेत ठेवीन.

आईची पद्धत तू छान सांगितलीस. जे लिहिलंस ते खरं आहे. पण अर्धं आहे.

खोलीचं वाचलं. नयनाला सांग, पडद्यांची घाई करू नको.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. निहारला काय वाटतं ते आहे, नयनाला, ऋचाला काय वाटतं ते आहे, आई काय म्हणाली असती तेसुद्धा आहे. आनेकलचं ते केंद्र बंद करावं की नाही, याबद्दल तुला काय वाटतं, ते मला सापडलं नाही. दुसरं पान चिकटलं होतं की काय म्हणून उलटून पाहिलं.

तू लहानपणीही असाच होतास. आंबा कुठला हवा विचारलं की दुसऱ्यांचे हात बघायचास.

ऋचाला पापा. सर्वांवर नजर असू दे आणि माझ्यावर लोभ.

तुझी,
ताई


बेंगळुरू,
६ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पान चिकटलं नव्हतं. तू मास्तरीण म्हणून निवृत्त झालीस, पण तपासायचं सोडलं नाहीस.

बैठक झाली. कशी झाली ते सांगतो, म्हणजे तूच मार्क दे. आम्ही सात जण. नियमाप्रमाणे देवश्रीने सुरुवात केली. ती आमची सर्वांत लहान आणि सर्वांत नवी संचालिका, चाळिशीही आली नाही, स्वतःची कंपनी उभारून विकलेली मुलगी. ती म्हणाली की काळ बदललाय, केंद्र बंद करणं योग्य ठरेल. शब्द ठाम होते, पण वाक्याचा शेवट विझत गेला. माझ्या कानाला ते खटकलं. मग निहार बोलले, ते तर मांडणारेच. मग आमचे कायदेवाले, मग प्राध्यापक बाई, मग निवृत्त बँकवाले. प्रत्येकाने आधीच्याच्या बोलण्यावर एक वीट चढवली. प्राध्यापक बाईंनी विटेआधी एक सुस्कारा सोडला, तेवढाच फरक. वादिराजने स्वल्प थांबून बघूया का असं विचारलं, मग सगळ्यांकडे पाहून सरी, सरी म्हणाला. इतकी वर्षं या गावात काढून मला एक कळलंय. एकदा सरी म्हणजे होकार, दोनदा सरी म्हणजे विषय मिटवा.

मग माझी पाळी. मी सर्वांचे मुद्दे नीट बांधले आणि म्हटलं, मंडळाचा कल बंद करण्याकडे दिसतो. सप्टेंबरमध्ये अंतिम ठराव. बाहेर पडताना दोघांनी माझी पाठ थोपटली, की एवढा नाजूक विषय तुम्हीच असा शांतपणे नेऊ जाणे.

तू विचारलंस मला काय वाटतं. मला वाटतं बंद करू नये. आज नवशिके घेतले नाहीत तर दहा वर्षांनी जाणते कुठून आणणार, यंत्राची चूक यंत्राला दाखवणार कोण. दुसरं म्हणजे, दर पावसाळ्यात नव्या तुकडीच्या आईबापांसमोर मीच उभा राहतो. मुलगी आमच्याकडे सोपवा, वर्षभरात पायावर उभी करतो, हे मी माझ्या तोडक्या कन्नडमध्ये सांगतो आणि ते माझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवतात. तो शब्द कंपनीचा नाही, माझा आहे. तिथली प्रमुख सुप्रीता आनेकलचीच, पहिल्या तुकडीतली. तिने फोन करून विचारलं की पुढच्या वर्षीची जाहिरात छापायला टाकू का. मी म्हटलं, जरा थांब. ती सरी सर म्हणाली. एकदाच.

मग बैठकीत का बोललो नाही, असं तू विचारशीलच. ताई, सगळे बोलून झाल्यावर अध्यक्षाने उलटं बोलायचं म्हणजे पानं वाढून झाल्यावर पंगत उठवण्यासारखं आहे. शिवाय सहाच्या सहा जण एकीकडे असताना मला एकट्याला वेगळं वाटतंय, तर चूक माझीच असेल. कडुनिंब मी लावलाय म्हणून मला तसं वाटत असेल. आणि निहारला मीच निवडून आणलंय. त्यांच्या पहिल्याच मोठ्या निर्णयाला आडवा गेलो तर मला ही खुर्ची सोडावी लागेल. सोडायला हरकत नाही, पण वादिराजशी चाळीस वर्षांची मैत्री आहे आणि तो सरी म्हणून बसलाय.

आईची पद्धत अर्धी म्हणजे काय? तू नेहमी असंच करतेस, खडा टाकतेस आणि गुडघ्याचं बोलायला लागतेस.

रंगाचं कळव. पेंटरने क्रीम आणि फिका गुलाबी असे दोन नमुने भिंतीवर लावून ठेवलेत.

गोडी टिकून आहे, ती अंतराने पातळ होऊ नये.

तुझा,
चंदू


मिरज,
२७ जुलै २०२५

चि. चंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खडा मी टाकला खरा. आता सांगते. रागाने नाही सांगत, हे आधी लिहून ठेवते, कारण पत्रात आवाज दिसत नाही आणि तू सगळं आवाजावर तोलतोस.

आईने ती पद्धत का काढली ते तुला ठाऊक नसणार. तू जन्मलास तेव्हा आपण वेगळे झालो होतो. एकत्र घरात थोरले काका आधी बोलायचे आणि त्यानंतर कुणाला बोलायला तोंडच नसायचं. आई तिथे अकरा वर्षं गप्प बसली. वेगळी चूल मांडली तेव्हा तिने ठरवलं, आपल्या घरात उलटं. धाकटा आधी. तिच्या दुखण्यावर ते औषध बरोबर होतं.

आता माझं. सांगलीला माझं इंटर सायन्स झालं, तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. आमच्या प्राध्यापकांनी पुण्याच्या कॉलेजात माझ्यासाठी जागा बोलून ठेवली होती, गणित घेऊन बीएस्सी, आणि राहायला वसतिगृह. बाबा तयार होते. आई तयार होती. त्यांना फक्त आपल्या तिघांचं ऐकायचं होतं. आईने शिरा केला आणि आपल्याला स्वयंपाकघरात बसवलं. धाकट्याने आधी. तू म्हणालास, ताई गेली तर मला गणित कोण शिकवणार. सगळे हसले. किती गोड बोलतो म्हणाले. मग विद्याधर. तो बिचारा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तो म्हणाला, चंदू म्हणतो तेही खरंच आहे. मग माझी पाळी आली.

माझ्या मनात पुण्याचं सगळं ठरलेलं होतं. कोणती साडी नेसून जायचं इथपर्यंत. पण दोन्ही भाऊ बोलून झाले होते, आईबाबा माझ्याकडे हसून बघत होते, आणि त्या हसण्यावर पाणी टाकायचं म्हणजे मी दुष्ट ठरले असते. मी म्हटलं, मला काही एवढं नाही. झालं. ठराव एकमताने पास.

शेवटी बोलणाऱ्याला मान फार असतो चंदू, पण त्याच्यासाठी बोलायला काही शिल्लक ठेवत नाहीत.

तू बारा वर्षांचा होतास आणि खरं तेच बोललास. ती तुझी चूक नाही. आईचीही नाही. मी हट्टी, सांगलीला बीएस्सी करता आली असती, पण पुणं नाही तर काहीच नको म्हणून रुसले आणि मास्तरकीच्या कोर्सला गेले. तो माझा मूर्खपणा. आणि तुला शिकवलेलं गणित वाया गेलं असंही नाही. त्यावर तू टेलिफोनच्या कारखान्यात गेलास आणि आता काजू खातोस.

तुझे कान तेज आहेत हे सगळं जग म्हणतं. माझे आता बंद पडलेत म्हणून मला एक दिसतं. तू दुसरा काय म्हणतो ते इतकं नीट ऐकतोस की तुझं स्वतःचं काय, ते ऐकायला तुझ्याजवळ जागाच उरत नाही. तुला त्याचं बक्षीस मिळत गेलं. मला मिळालं नाही, एवढाच आपल्यात फरक.

ती देवश्री विझत विझत बोलली म्हणतोस. मग तिला विचारलंस का? का तेही ऐकून ठेवून दिलंस?

इथे श्रावण लागलाय. आता लिहिणं पुरे, बोटं दुखतात. रागावू नकोस. रागावलास तरी पत्र टाक.

तुझी,
ताई


बेंगळुरू,
२१ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गणपती आले आणि गेले, आणि मी तुला चार ओळी टाकल्या नाहीत. रागावलो नव्हतो. तुझं पत्र खिशात घेऊन हिंडत होतो. ताई, मला त्या संध्याकाळचा शिरा आठवतो. त्यात केळं होतं. तुझं तोंड आठवत नाही.

याच्यावर जास्त लिहिलं तर तू लाल शाईने खोडशील, म्हणून पुढचं सांगतो.

देवश्रीला विचारलं. शिवाजीनगरात माझ्या जुन्या खोलीजवळ अजून एक चहावाला आहे, तिथे तिला घेऊन गेलो. मंडळाच्या खोलीत खरं बोलायची तिला अजून सवय झालेली नाही, असं मला वाटलं. पहिल्यांदा ती म्हणाली सगळं ठीक आहे. दुसऱ्या चहाला म्हणाली की नवीन असल्यामुळे तिने निहारचीच बाजू आधी मांडून टाकली, कारण तिला खात्री होती की शेवटी मी बोलेन आणि तोल साधेन. म्हणून तिने केंद्राचा मुद्दा माझ्यासाठी शिल्लक ठेवला. मी गार झालो. मग एकेकाला गाठलं. प्राध्यापक बाईंचं तेच. त्यांना केंद्र हवं होतं, पण चंद्रकांत म्हणतीलच असं धरून त्या गप्प राहिल्या. म्हणजे आम्ही सगळे एकमेकांना वाट देत देत एका अशा ठिकाणी पोचलो जिथे निम्म्यांना जायचंच नव्हतं. वर मी त्याला मंडळाचा कल असं नाव दिलं.

वादिराजला इथल्या लालबागेत फिरताना सांगितलं की या वेळी मी आधी बोलणार. तो थांबला आणि म्हणाला, असं करू नको. अध्यक्ष आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात, तुझ्या आईने बंद केलेलं दार तू पुन्हा उघडतोयस. त्याला मी थोरल्या काकांचं काही सांगितलं नव्हतं, तरी बरोबर तिथेच बोट ठेवलं त्याने. बाकाशी पोचेपर्यंत मी एवढंच म्हटलं, की मग मी मत सांगीन आणि ते कुठे कच्चं आहे तेही सांगीन.

गुरुवारी तसंच केलं. म्हटलं, केंद्र ठेवावं असं मला वाटतं, कारणं ही. आणि माझ्या मतात माझी माया मिसळलेली आहे, त्या आवारात मी लावलेलं झाड आहे, दर वर्षी आईबापांना मी शब्द देतो. तेवढं वजा करून जे उरतं ते तपासा. आणि तपासताना माझ्याकडे बघू नका. मी खरंच खिडकीकडे तोंड करून बसलो. बँकवाले हसले.

मग देवश्री बोलली. ताई, या वेळी एकही वाक्य विझलं नाही. ती म्हणाली, आमच्या चहानंतर तिने स्वतः जाऊन केंद्र पाहिलं. सुप्रीताशी बोलली. आम्ही मुलांना जे शिकवतोय त्या नोकऱ्या दोन वर्षांनी नसतील हे आम्हाला आज कळतंय, तरी आईबापांना शब्द देत राहायचं, ही माया नाही, ही फसवणूक आहे. शब्द पाळायचा तर आत्ताच्या तुकडीचा पाळा, प्रत्येकाला नोकरीत घ्या, आणि मग नवा शब्द देऊ नका.

निहारलासुद्धा एवढं नीट मांडता आलं नव्हतं.

मत घेतलं. कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदा. ठेवावं म्हणणारे तीन, मी, प्राध्यापक बाई आणि, विश्वास ठेव, वादिराज. बंद करावं म्हणणारे चार. आत्ताची तुकडी पुरी शिकून नोकरीला लागेल, हे ठरावातच आलं, ते देवश्रीच्या बोलण्यामुळे. म्हणजे जिचा आवाज मी मोकळा केला तिनेच मला हरवलं. घरी येऊन नयनाला सांगितलं तर ती म्हणाली, मग तू हरलास म्हणून एवढा खूश का दिसतोस.

खूश नाही. काल आनेकलला जाऊन सुप्रीताला स्वतः सांगितलं. तिने झाडाचं काय करणार विचारलं. पुढच्या वर्षी त्या आईबापांसमोर मी उभा राहणार नाही, ही गोष्ट अजून घशाखाली उतरत नाही. मार्चनंतर खुर्ची सोडणार, असं निहारला सांगितलंय. त्यांनी नको म्हटलं, आणि मला ऐकू आलं की ते त्यांनी मनापासून म्हटलं. तरी सोडणार. नवा अध्यक्ष कुणाला आधी बोलवायचं ते दर वेळी बदलत राहील, असा एक ओळीचा नियम तेवढा करून जाईन.

वादिराजने मात्र जिन्यात मला थांबवलं. म्हणाला, इतकी वर्षं मला वाटत होतं तू माझ्याशी सहमत आहेस. मी म्हटलं, मलाही तसंच वाटत होतं. दोघंही जिन्यातच बसलो थोडा वेळ.

आता शेवटचं आणि खरं महत्त्वाचं. खोली. आम्ही तिघांनी तुझं ठरवून टाकलं आणि रंग तेवढा तुला विचारला. पेंटरला थांबवलंय. नयना आणि ऋचा दोघींना सांगितलंय की या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. मीही बोलत नाही. माझं काय म्हणणं आहे तेही लिहीत नाही. तू आधी बोल. सगळ्यांच्या आधी. आम्ही कुणी हसणार नाही.

उत्तर सावकाश दे. लोभ मागत नाही या खेपेला, उत्तर मागतो.

तुझा,
चंदू


मिरज,
४ ऑक्टोबर २०२५

चि. चंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दसरा झाला. मशीन पूजेत ठेवलं होतं, त्याला झेंडू वाहिला. शिकवणीच्या मुली सोनं द्यायला आल्या. मी त्यांना सांगितलं, माझा भाऊ मंडळात हरला. एकीने विचारलं कशात. मी म्हटलं, बोलण्यात. त्यांना वाटलं वक्तृत्व स्पर्धा असेल. उत्तेजनार्थ तरी मिळालं का, म्हणाली.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी लिहायला बसते आणि उठते. चौऱ्याहत्तर वर्षांची झाले, पण आधी बोलायची सवय नाही. पेन हातात घेतलं की मनात येतं, नयनाला काय वाटेल, तुझी खोली रिकामी राहील, ऋचा हिरमुसेल. म्हणजे अजून पाळीची वाट बघतेच आहे. तेव्हा आता एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा उठेन.

मला बेंगळुरूला राहायला यायचं नाही. मिरजेतच राहायचंय. सकाळी फळ्यासमोर उभी राहते तोवर मी ठीक आहे, आणि ज्या दिवशी उभी राहता येणार नाही त्या दिवशी मीच तुला कळवीन, तू आधी ठरवू नकोस. थंडीत महिनाभर येईन. खोली ठेव. रंग क्रीम नको आणि गुलाबी तर मुळीच नको. निळा दे, पाटीवर पेन्सिल फिरवल्यावर जसा दिसतो तसला काळपट निळा. पेंटर नाक मुरडेल. मुरडू दे.

देवश्रीला माझा आशीर्वाद कळव. तिचं म्हणणं मला पटलं आणि तुझं हरणंही पटलं. दोन्ही एकाच वेळी कसं पटतं, हे मात्र गणितात बसत नाही. सुप्रीताला सांग, जागा विकलीत तर झाड आहे तिथेच ठेवायची अट तू घेणाऱ्याला घालशील, आणि तशी घाल. अट मान्य झाली नाही तरी घाल.

आणि एक. हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं, हे होते तेव्हा ह्यांनासुद्धा नाही. मला पुण्याचं ते कॉलेज आतून बघायचंय. फाटकातून नाही, आतून. गणिताचा वर्ग असेल तिथल्या मागच्या बाकावर अर्धा तास बसायचंय. कुणी हटकलं तर तू तुझं कार्ड दाखव, अध्यक्ष आहेस तोवर. मार्चच्या आत जमव. तू बाहेर गाडीत बसून फोन करत राहायचं नाहीस. माझ्याशेजारी बसायचं, आणि फळ्यावर जे लिहितील ते मला समजलं नाही तर तू मला समजावून सांगायचं. तेवढं गणित मी तुला शिकवलंय.

त्या दिवशी मशीन लावीन. मास्तर काय म्हणतात ते मला ओठांवरून कळेल, त्याची काळजी नाही. पण अशा कॉलेजात तास सुटला की घंटा व्हायची म्हणतात. आता होते की नाही कोण जाणे. होत असेल तर ती मला ऐकायची आहे.

वाट बघते. या वेळी खरंच बघते.

तुझी,
ताई